बॅनरखालची गाडी

सत्यवतीला सुई उत्तम टोचता येते आणि तोंड अजिबात बंद ठेवता येत नाही. महिन्यातून एकदा ती माझं रक्त न्यायला येते, तेव्हा मला दोन्हीचा लाभ होतो. दंडाला रबर आवळताना ती तळमजल्यावरच्या भांडणाला हात घालते, सुई शिरेत असते तोवर तिसऱ्या मजल्यावर पोचलेली असते, आणि कोपरात कापसाचा बोळा दाबून देईपर्यंत अख्खी बी विंग उघडी करून टाकते. हात मात्र हलका. भल्याभल्या दवाखान्यांत माझ्या हाताची चाळण करून ठेवलेली आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

वय पंचेचाळिशीच्या आत-बाहेर. सकाळी सहाला ओठांना लाल लिपस्टिक, डोळ्यांवर काळा गॉगल, गळ्यात लॅबचं ओळखपत्र आणि पाठीवर सँपलची थंड पेटी. माहेर किनाऱ्यावरच्या डोंगरी गावाकडचं, मासेमारीचं. बारावीनंतर लॅबचा कोर्स केला तेव्हा घरात कोणी आठ दिवस धड बोललं नाही म्हणे. नवरा लवू बोटीवर जातो, महिन्यातला बराचसा काळ समुद्रात असतो. मुलीच्या शाळेसाठी तिने बेव्हर्ली पार्कात आमच्या इमारतीत भाड्याने घर घेतलं. मागच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर.

"नावच बघा ना काकू," ती एकदा म्हणाली. "महाभारतातली सत्यवती कोळ्याची, मीपण कोळ्याची. बापानं काय चुकीचं ठेवलं न्हाय."

"आणि शंतनू?"

"लवू? तो राजा होता होता राहिला. बोंबील पकडायला गेलाय."

अशी ही बाई. एरवी आपल्यासारखं मुंबईचं बोलते. चिडली किंवा खुशीत आली की गावचं हाय-न्हाय सुरू होतं. तिच्यात मला न आवडणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत, त्या पुढे येतीलच. पण मला किळस आली ती तिची नव्हे. ज्यांची आली त्यांच्याविषयीच हे सगळं लिहायला बसले आहे.

गोष्ट तिच्या इलेक्ट्रिक बाईकची आहे. पूर्वी ती रिक्षाने फिरायची. खारी गावापासून आमच्यापर्यंत सकाळची फेरी, घरोघरी उपाशीपोटी बसलेले डायबेटिसवाले, आणि रिक्षा मिळायला उशीर झाला की दार उघडल्याबरोबर शिव्या. उपाशी म्हाताऱ्यासारखा दुष्ट प्राणी नाही, हे मी स्वानुभवाने सांगते. मग लॅबने नियमच केला: फेरी ज्याची, गाडी त्याची. स्वतःची गाडी नसेल तर फेरी दुसऱ्याला. आणि एकदा फेरी दुसऱ्याकडे गेली, घरं त्याच्या ओळखीची झाली, की ती परत येत नाही. म्हणून तिने बाईक घेतली. लहानशी, लायसन न लागणारी, नंबरप्लेट नसलेली, पुढे निळी. आणली त्या दिवशी तिला नारळ फोडला, हार घातला, आणि होडीला घालतात तसं पुढच्या पत्र्यावर रंगाने नाव घातलं: एकवीरा. ती गाडी म्हणजे तिची सकाळ. गाडी गेली की सकाळ गेली, इतका सरळ हिशोब.

गाडी ठेवायची कुठे, हा प्रश्न मात्र सरळ नव्हता.

आमच्या सोसायटीचे चेअरमन जितेंद्रभाई. सकाळी बागेत हात वर करून मोठमोठ्याने हसणाऱ्यांच्या क्लबात जातात आणि तिथून परत येताना कपाळाला आठी घालून येतात. त्यांनी मोबाइलवर कुठल्याशा शहरातल्या बॅटरीचा स्फोट बघितला होता. तो त्यांनी सत्यवतीला दाखवला, मला दाखवला, दूधवाल्यालाही दाखवला.

"बॅटरी फटती है मॅडम. पूरा बिल्डिंग जायेगा. इलेक्ट्रिक गाडी कंपाउंड के अंदर नहीं."

"अहो, तुमच्या खाली पेट्रोलने भरलेल्या एवढ्या गाड्या उभ्या आहेत," मी म्हटलं. "त्या काय गुलाबपाण्यावर चालतात?"

"मावशी, वो अलग चीज है. आणि भाडोत्रीला तसंही पार्किंग नाय."

झालं. स्फोट पहिला, भाडोत्री दुसरा, आणि खरं कारण तिसरंच. तिच्या घरात मासळी शिजते, लिपस्टिक लाल असते आणि ती जितेंद्रभाईंना 'भाई' म्हणत नाही. माझ्या नावावर पार्किंगची जागा असती तर दिली असती. आम्ही कधी गाडी घेतली नाही, त्यामुळे जागाही घेतली नाही.

तेव्हा गाडी गेटबाहेर, फूटपाथच्या कडेला. आणि तिथे ती उभी ठेवण्यासाठी या बाईने काय काय करावं! बॅटरी काढून जिन्यावरून वर न्यायची, झोपलेल्या पोराला उचलतात तशी छातीशी धरून. पुढच्या चाकाला लॉक. मागच्या चाकातून जाड साखळी काढून ती गेटच्या लोखंडी खांबाला. साखळीवरून आणखी नायलॉनची दोरी, होडी बांधायची गाठ मारून.

"चोराला साखळी तोडता येते आणि दोरी सुटत नाही, असं असतं का?" मी विचारलं.

"काकू, चोर साखळी बघून आलेला असतो, कटर घेऊन. दोरी बघितली की त्याचं डोकं फिरतं. बाप सांगायचा, होडी अशी बांध की सोडणाऱ्याला शरम वाटली पाहिजे."

अलार्मही बसवला होता. मांजर जवळून गेलं तरी बोंबलायचा. चार दिवसांत इमारतीतली सगळी नाजूक प्रकृतीची माणसं खिडकीत आली. ज्यांच्या घरातली लग्नं मध्यरात्रीपर्यंत डीजे लावून होतात तीच ही माणसं. अलार्म काढावा लागला. मग आरसा गेला. मग सीटवर कोणीतरी ब्लेड मारलं. ते चोरीसाठीही नव्हे, नुसतं मारायचं म्हणून. अशा माणसाच्या मनात काय असतं, हे मला या वयातही कळलेलं नाही आणि कळून घ्यायची इच्छा नाही.

माझ्या खिडकीतून गेट दिसतं, तिच्या घरातून दिसत नाही. म्हणून दुपारी जेवताना तिचा फोन.

"काकू, गाडी हाय?"

"हाय."

पुन्हा तासाभराने.

"हाय ना?"

"हाय गं बाई! आता झोपू दे."

मी वैतागायचे, पण उठून बघायचे. ती खोटं ऐकून गप्प बसणारी नव्हती. "कुठल्या बाजूला तोंड हाय तिचं?" असं उलट विचारायची.

गेटवर एक कॅमेरा होता. सगळ्या सोसायटीत नीट चालणारा तेवढाच. सत्यवतीने वॉचमन रामनाथला चहा पाजून पाजून तो कॅमेरा कुठवर बघतो ते समजून घेतलं, आणि गाडी बरोबर त्याच्या नजरेत बांधायला लागली. इथवर तिचं सगळं शहाणपणाचं होतं. पुढचं तिला कोणी सुचवलं, तर अल्पेशने.

अल्पेश हा आमच्या गल्लीतला, भाऊंचा माणूस. भाऊ कोण, असं विचारू नका. प्रत्येक गल्लीला एक भाऊ असतोच. नाक्यानाक्यावर बॅनरमध्ये हात जोडून उभा, निळं जाकीट, डोक्यामागे उगवता सूर्य, आणि खाली पासपोर्ट साईज चेहऱ्यांची रांग. त्या रांगेत कोण असतात ते मी कधी वाचत नाही. अल्पेशच्या आईचं रक्त काढायला सत्यवती जायची. भाऊंचा वाढदिवस जवळ आला होता आणि बॅनरवरच्या रांगेत बायका कमी पडत होत्या.

त्या महिन्यात माझ्या दंडाला रबर बांधता बांधता ती म्हणाली, "काकू, माझा फोटो येतोय बॅनरवर."

"कसला बॅनर?"

"भाऊंच्या वाढदिवसाचा. खाली नाव, 'महिला संघटक'. आपल्या गेटवरच लागणार."

"कसल्या महिला संघटित केल्यास तू?"

"कोणत्याच न्हाय. पण लोक बघतील ना. चोर पण बघेल. ज्या बाईचा फोटो भाऊंच्या खाली हाय तिच्या गाडीला हात कोण लावेल, सांगा मला."

"सत्या, तुला अक्कल आहे की लॅबमध्ये ठेवून आलीस? त्या लोकांच्या पंक्तीत बसायचं?"

"मूठ मिटा. पंक्तीत कुठे, खालच्या रांगेत. तुम्ही बसा शिकलेल्या. पोलिसाचा भाऊ गाडीवर 'पोलीस' लिहितो, पेपर टाकणारा 'प्रेस' लिहितो, मी काय लिहू, 'रक्त'?"

मला हसू आलं, आणि त्याचा राग आला. मी तिला स्वच्छ सांगितलं की मला हे घाणेरडं वाटतं. तिने कापूस दाबला आणि म्हणाली, "वाटू दे. गाडी राहू दे."

बॅनर लागला त्या दिवशी मी बोरिवलीला बहिणीकडे गेले होते. त्यामुळे पुढचं मी रामनाथकडून, सत्यवतीकडून आणि शेवटी जितेंद्रभाईंच्या स्वतःच्या तोंडून जमवलेलं आहे. तिघांचं तंतोतंत जुळतं. कोणालाही आपण काही वाईट केलं असं वाटतच नसल्यामुळे लपवायचं काही नव्हतं.

दुपारी टेंपो आला. वर बांबू, गुंडाळलेला बॅनर, झेंडे, आणि चारपाच माणसं. गेटच्या खांबालाच बांबू बांधायचा, आणि खांबाला तर गाडीची साखळी. माणसं म्हणाली, गाडी हटवा. रामनाथ म्हणाला, मॅडमला बोलावतो. एवढ्यात बॅनर उलगडला गेला, आणि त्यात खालच्या रांगेत गॉगल डोक्यावर सरकवून हसणारी सत्यवती निघाली.

"यही मॅडम का गाडी है?" टेंपोवाल्याने विचारलं.

"हां, यही."

"अरे, तो अपनीच मॅडम है! स्टेज के पास रख देते हैं, उनको वहींच तो आने का है शाम को."

हे ऐकून आमचे चेअरमन खाली आले. भाऊंचं काम म्हटल्यावर ते चप्पल न घालता खाली येतात. त्यांनी सोसायटीच्या ऑफिसातला कटर काढून दिला. भाडेकरूंच्या बेवारस सायकलींची कुलपं तोडायला ठेवलेला तो कटर, सोसायटीचा. साखळी तोडली. दोरीची गाठ कोणाला सुटेना, तेव्हा ती कापली. खालचा बांबू बांधायचा राहिला होता, पण बॅनरची वरची कड आधीच कॅमेऱ्याच्या पट्टीला बांधून झाली होती. म्हणजे कॅमेऱ्याने त्यानंतर जे पाहिलं ते भाऊंच्या जाकिटाची मागची बाजू, वाऱ्यावर फडफडणारी. गाडी टेंपोत चढवायला रामनाथने स्वतः मागून हात लावला. जितेंद्रभाई म्हणाले, "संभाल के, लेडीज का गाडी है."

चोर असे भरदुपारी येतात, आणि आपणच त्यांना हात देतो. फक्त सोबत बॅनर पाहिजे.

आणि मी घरी नाही हे ठाऊक नसूनही त्या दुपारी सत्यवतीने मला एकही फोन केला नाही. गाडी हाय का, असं विचारायची तिला गरजच वाटली नव्हती. वर तिचा फोटो होता ना!

संध्याकाळी ती खाली आली, तर गाडी नाही. रामनाथने सांगितलं, स्टेजजवळ नेली. ती हसली म्हणे. मुलीला हाक मारून बॅनरसुद्धा दाखवला. मग चालत मैदानात गेली. तिथे वाढदिवसाच्या तीन दिवसांच्या सोहळ्याचा मंडप होता, खुर्च्या होत्या, स्पीकरवर 'हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग' चाललं होतं. गाडी नव्हती. टेंपोही नव्हता. तिने अल्पेशला फोन केला.

"कोणती गाडी, दीदी? बॅनरचं काम तर आपण कॉन्ट्रॅक्टवर दिलंय. आपली माणसं नाय ती."

मी बोरिवलीहून परतले तेव्हा ती गेटबाहेर, तुटक्या साखळीचे दोन तुकडे हातात घेऊन, स्वतःच्या फोटोखाली बसलेली होती. वरची हसत होती. खालची रडत नव्हती, पण लिपस्टिक पुसली गेली होती.

"बोला आता," ती म्हणाली. "अक्कल लॅबमध्ये ठेवलीस म्हणा."

मी म्हटलं, "ऊठ. चौकीत चल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने रिक्षाने फेरी केली. चार घरी उशीर, दोन घरांनी लॅबला फोन. लॅबच्या साहेबाने तिला सांगितलं: आठवडाभर बघतो, मग फेरी दुसऱ्या मुलीला. मग आम्ही दोघी पुन्हा चौकीत गेलो. आदल्या संध्याकाळी आम्हाला परत पाठवलं होतं: साहेब बंदोबस्ताला गेले होते, वाढदिवसाच्याच.

हवालदार बिचारा भला होता, पण त्याला गाडीच कळेना.

"नंबर सांगा."

"नंबर न्हाय तिला."

"मग सायकल म्हणू?"

"सायकल न्हाय, बाईक. इलेक्ट्रिक."

"बॅटरी कुठाय?"

"घरी."

"मग नेली कशी?"

"टेंपोत घालून," मी म्हटलं. "दिवसाढवळ्या. वॉचमन आणि चेअरमन साक्षीदार आहेत, नव्हे, मदतनीस आहेत."

"कोणाचा टेंपो?"

इथे सत्यवती खिडकीबाहेर बघायला लागली. मी तिला कोपर मारलं.

"भाऊंच्या बॅनरचा," ती म्हणाली. "लिहा. भाऊ मित्रमंडळाचा बॅनर लावायला आला होता तो टेंपो."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. "ताई, मंडळाचं नाव घालू? नक्की? त्या बॅनरवर फोटो तर तुमचापण आहे."

"घाला. माझापण घाला."

मला तिचा अभिमान वाटला. हे लिहून ठेवते, कारण पुढे काय झालं ते वाचून तुम्हाला तिचा राग येईल, मलाही आला होता. हवालदार म्हणाला, साहेब आले की रीतसर नोंदवतो, त्याआधी मंडळाकडे चौकशी करतो. आम्ही घरी पोचलो, मी चहा टाकला, आणि बेल वाजली. दारात अल्पेश. पायातले बूट बाहेर काढून, वाकून नमस्कार. ज्या माणसाला कालपर्यंत टेंपो कोणाचा ते माहीत नव्हतं, तो चहा उकळायच्या आत माझ्या सोफ्यावर बसला होता.

"दीदी, भाऊंना फार वाईट वाटलं. जेवले पण नाय."

"त्यांच्या पोटाकडे बघून तसं वाटत नाही," मी म्हटलं.

तो हसला. या लोकांना अपमान कळत नाही, हे त्यांचं खरं भांडवल. "मावशी जोक करतात. दीदी, भाऊ म्हणाले, आपल्या भगिनीची गाडी गेली तर आपण देऊ. उद्या स्टेजवर, सगळ्यांसमोर. इलेक्ट्रिक बाईक, भेट. फक्त ते चौकीतलं... गैरसमज झाला म्हणून सांगून टाका."

तो गेल्यावर मी तिला म्हटलं, "नाही म्हण. लिहू दे त्यांना. सापडेल तुझी गाडी."

"कधी?"

"लागेल वेळ."

"लॅबवाला आठवडा म्हणतोय."

"मग काय, त्या माणसाच्या हातून दान घेणार? ज्यांनी नेली त्यांच्याकडून?"

तिने कप खाली ठेवला. "काकू, तुम्हाला पेन्शन हाय. मला उद्याची सकाळ हाय."

मी कप उचलून विसळायला घेतले. किळस मात्र गेली नाही ती नाहीच.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर मैदानात गेले. का गेले ते विचारू नका. एकटीला त्या गर्दीत सोडवेना. स्टेजवर केक होता, तलवारीने कापला. भाऊ घामाने डबडबलेले, गळ्यात हारांचा ढीग. निवेदक एक वाक्य मराठीत आणि दोन हिंदीत बोलत होता. मग "आपल्या एका कष्टकरी भगिनीला" अशी सुरुवात झाली आणि सत्यवतीला वर बोलावलं. लाल सॅटिनच्या कापडाखाली काहीतरी झाकलेलं होतं. भाऊंनी कापड ओढलं. टाळ्या. शिट्ट्या.

खाली एकवीरा होती.

पत्रा पुसून काढला होता. जिथे नाव होतं तिथे भाऊंच्या चेहऱ्याचा मोठा स्टिकर, मागच्या बाजूला तसाच दुसरा. सीटचं ब्लेडने फाटलेलं कव्हर नवं घातलं होतं. पुढच्या चाकाचं लॉक गायब, बॅटरीच्या जागी भोक. मी खुर्च्यांच्या तिसऱ्या रांगेतून ओळखली, तर जिने ती रोज पुसली तिने ओळखली नसेल? तिने डावा ब्रेक दाबून बघितला. मला वाटलं, आता बोलेल. हातात माईक दिला होता. आता त्या माणसाच्या तोंडावर सांगेल की हलवायाच्या घरावर कसलं तुळशीपत्र ठेवतोस!

अल्पेशने तिच्या हातात थर्माकोलची सोनेरी चावी दिली, हातभर लांब. तिची खरी चावी तिच्या पर्समध्ये होती.

"भाऊंचे आभार," ती माईकवर म्हणाली. "माझी गाडी मला... भेट दिली. आभार."

टाळ्या. तिला गाडीवर बसवलं आणि फोटोसाठी चार कार्यकर्त्यांनी मागून ढकललं, चालत असल्यासारखी. भाऊ शेजारून हात हलवत चालले. किळस हा शब्द मी अलंकारिक लिहीत नाही. मी मंडपाच्या मागे जाऊन खरोखर ओकारी काढली, आणि तिथेही त्यांचाच चेहरा छापलेले रिकामे पाण्याचे ग्लास पडलेले होते.

परत येताना ती गाडी ढकलत होती, मी बाजूने चालत होते.

"ओळखलीस ना?"

"डावा ब्रेक दाबला आणि हाताला कळलं. अल्पेशनं मागे येऊन सांगितलं पण. टेंपोवाल्यानं डोंगरीच्या रस्त्याला एका शेडात लपवली होती, गिऱ्हाईक बघत होता. चौकीतून फोन गेल्यावर यांनी त्याला दम दिला."

"मग सरळ आणून द्यायची!"

"आणून दिली असती तर चोरीची झाली असती, काकू. भाऊंच्या टेंपोतून चोरी. भेट दिली तर फोटो झाला."

"आणि तुझ्या हातात माईक होता! मग तोंडाला काय झालं होतं? एरवी तर बंद होत नाही!"

ती थांबली. गाडी स्टँडवर लावली. "बोलले असते. मग गाडी कुठे गेली असती? पुरावा म्हणून चौकीच्या मागे. बघितल्यात तुम्ही तिथल्या गाड्या? काल तुम्ही हवालदाराशी भांडत होता तेव्हा मी खिडकीतून तेच बघत होते. सीटमधून झाडं उगवलीत. केस संपेल तेव्हा मुलीच्या लग्नाला रुखवतात ठेवायला मिळेल." मग गाडीकडे बघत: "माझी हाय ती. चोराकडनं आली काय, भाऊकडनं आली काय, माझी हाय."

मी तोंड फिरवलं. मला तिचं पटलं होतं आणि ते पटलेलं मला नको होतं.

गेटवर आणखी एक मानपत्र आमची वाट बघत होतं. जितेंद्रभाई. त्यांच्या मोबाइलवर स्टेजचा व्हिडिओ आमच्या आधी पोचला होता.

"अरे मॅडम, बाहर किधर लगाती हो? अंदर, अंदर! पंप रूम के बाजू में जगह है."

"आणि बॅटरी फटती है त्याचं काय?" मी विचारलं.

"मावशी, वो लोकल कंपनी का फटता है. ये तो भाऊंनी दिलंय."

तीच गाडी! तीच बॅटरी, वर घरात ठेवलेली! मी त्यांना तोंडावर सांगितलं की हा तुमचाच कटर आणि हीच ती गाडी. त्यांनी ऐकलं, मान डोलावली, आणि रामनाथला पंप रूमजवळची जागा झाडायला सांगितलं. माणसाला लाज असावी असा माझा आग्रह नाही. निदान ती आठवावी तरी.

सत्यवतीने चौकीत जाऊन 'गैरसमज' सांगितला. फेरी तिच्याकडेच राहिली. गाडी आत उभी राहायला लागली, वर पत्रा, बाजूला भिंत. मी तिला म्हटलं, तो स्टिकर आता खरवडून काढ. "न्हाय," ती म्हणाली, "तेच तर छप्पर हाय." महिनाभर मी तिच्याशी रक्तापुरतंच बोलले. तिने मात्र पूर्वीसारखीच बी विंग उघडी केली. माझ्या अबोल्याची तिने दखलच घेतली नाही, याचाही मला राग आला.

परवा दुसऱ्या मजल्यावर नवी भाडेकरू आली. संचिता नावाची, शिकलेली मुलगी, कुठल्याशा ऑफिसात जाते. तिच्याकडेही इलेक्ट्रिक बाईक. जितेंद्रभाई मोबाइल घेऊन खाली आले, स्फोट दाखवला, आणि गेटबाहेर बोट केलं. मी खिडकीतच होते. सत्यवती फेरीवरून येत होती. तिने गॉगल वर केला.

"आत घे गं. माझ्या बाजूला मावते."

"मॅडम, ऐसा कैसे?" चेअरमन म्हणाले. "आपका अलग बात है. ये गाडी भाऊ का नहीं है."

सत्यवतीने आपली गाडी स्टँडवर लावली, मागे गेली आणि मागचा स्टिकर एका कोपऱ्यातून नखाने उचलून सोलायला लागली. भाऊंचा कान आधी आला, मग सूर्य, मग बाकीचे. कपाळावर एक मोठी चुणी पडली. तो तिने त्या मुलीच्या गाडीवर थापला, आणि रक्त काढल्यावर जसा कापूस दाबते तसा अंगठ्याने दाबून बसवला.

"झाली," ती म्हणाली. "आता भाऊची हाय. विचारायचं असेल तर फोन लावा भाऊंना. नंबर देऊ?"

संचिता हसावं की घाबरावं या विचारात उभी. मी खिडकीतून ओरडले, "लावा की फोन, जितेंद्रभाई!"

त्यांनी त्या चुणी पडलेल्या चेहऱ्याकडे बघितलं, वर माझ्याकडे बघितलं. मग मोबाइल खिशात घातला.

"रामनाथ," ते म्हणाले, "वो दो कुंडी उठा के उधर रख. मॅडम लोगों का गाडी निकलने को जगह नहीं है."